नंबर गावीच राहतो

देश न सोडता रोमिंगचे पैसे भरलेली माणसं धाराशिव जिल्ह्यात कमी नाहीत. पुणे–हैदराबाद महामार्ग नळदुर्ग आणि उमरगा मागे टाकून थोड्याच अंतरावर कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात शिरतो. दुसऱ्या अंगाला कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद तालुका. अशा सीमेवर शेत महाराष्ट्रात आणि फोनला सापडलेला टॉवर कर्नाटकातला, हे नेहमीचं. दूरसंचार खात्याच्या हिशेबात ही दोन वेगळी सर्कल. सर्कल बदललं की रोमिंग लागायचं आणि रोमिंगमध्ये आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. जुलै २०१३ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने अशा येणाऱ्या कॉलसाठी मिनिटाला ७५ पैशांची कमाल मर्यादा घातली, मे २०१५ मध्ये ती ४५ पैशांवर आणली. त्याआधी पावणेदोन रुपयांपर्यंत मुभा होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, पाहता पाहता देशातलं रोमिंग फुकट झालं आणि बांधाच्या अलीकडे सरकून फोन उचलायची गरज संपली.

देशाच्या सीमेवर मात्र तो जुना नियम आजही चालू आहे. फरक एवढाच, की तिथे पैशांऐवजी रुपये मोजावे लागतात आणि बेसावध राहिलं तर हजारो. मुलाकडे अमेरिकेला निघालेले निवृत्त गुरुजी, हजला निघालेलं जोडपं, काशी करून पुढे पशुपतिनाथाला जाणारी यात्रा कंपनीची बस, जर्मनीत एमएस करायला निघालेली मुलगी, या सगळ्यांना निघायच्या आठवड्यात एकच प्रश्न पडतो: फोनचं काय करायचं? उत्तर द्यायला दुकानदार, भाचा आणि यूट्यूब तयारच असतात. पण तिघं तीन उत्तरं देतात. नीट निवड करायची तर आधी फोनच्या पोटात काय चालतं ते कळायला हवं.

सिमकार्ड नावाचा तुकडा १९९१ साली म्युनिकच्या गीझेके अँड डेव्ह्रिएंट या कंपनीने पहिल्यांदा बनवला आणि त्यातली पहिली तीनशे कार्डं फिनलंडच्या रेडिओलिंजा या कंपनीने घेतली. तेव्हा ते एटीएम कार्डाएवढं होतं. पुढे त्याचं प्लास्टिक कापत कापत नखाएवढं केलं गेलं, आतला ऐवज मात्र तोच राहिला. या ऐवजात आपला मोबाइल नंबर सहसा नसतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. असतो तो पंधरा आकडी ओळखक्रमांक आणि एक गुप्त किल्ली. ओळखक्रमांकाचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५. त्या पुढचे आकडे कंपनी सांगतात आणि उरलेले आपल्याला. या ओळखक्रमांकासमोर आपला दहा आकडी नंबर कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत लिहिलेला असतो. ही नोंदवही भारतातच असते. आपण कुठेही गेलो तरी ती जागची हलत नाही.

वाशी, भूम, कळंब भागातून ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबाचं रेशनकार्ड जसं गावच्या दुकानाला जोडलेलं, तसंच हे. ‘एक देश एक रेशनकार्ड’ आल्यापासून परमुलखातल्या दुकानात अंगठा लावला की यंत्र मूळ नोंद तपासतं आणि तिथेच धान्य मिळतं. रोमिंग हेच करतं, फक्त तिथला दुकानदार परदेशी कंपनी असते आणि ती आपल्या कंपनीला बिल पाठवते.

जेद्दाह विमानतळावर उतरून फोन चालू केला की तो आधी कोणकोणते टॉवर दिसतात ते चाचपतो. तिथे एसटीसी, मोबिली आणि झैन या तीन मोठ्या कंपन्या आहेत. फोन त्यांपैकी एकीला आपला ओळखक्रमांक कळवतो. ४०४ पाहून ती कंपनी ओळखते, पाहुणा भारतातला. ती भारतातल्या कंपनीला विचारते: हा तुमचाच ना, याला सेवा देऊ ना? भारतातून एक कोडं येतं, सिममधली गुप्त किल्ली ते सोडवते, उत्तर जुळलं की दार उघडतं. मग भारतातल्या नोंदवहीत लिहिलं जातं की हा ग्राहक सध्या अमुक जाळ्यात आहे. हे सगळं काही सेकंदांत उरकतं आणि आपल्याला फक्त ‘सौदी अरेबियात स्वागत’ असा मेसेज दिसतो. अर्थात, भारतातल्या कंपनीने तुमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालूच केलेलं नसेल तर उत्तर नकारार्थी जातं. ते निघण्याआधी, इथूनच चालू करून घ्यावं लागतं. तिथे पोचल्यावर चालू करायला जो फोन लागतो, तोच बंद असतो.

आता पैशांचा मुद्दा. हजच्या दिवसांत मीनाच्या मैदानात तंबूंचं अख्खं शहर वसतं. समजा तिथे धाराशिवचे दोघे शेजारशेजारच्या तंबूंत आहेत आणि दोघांच्याही फोनमध्ये भारतीय सिम आहे. पहिला दुसऱ्याला विचारतो, जेवलात का? पहिल्याने फिरवलेला नंबर +९१ चा, म्हणजे भारताचा. सौदी कंपनी तो कॉल समुद्रापलीकडे भारतात धाडते. भारतातली कंपनी नोंदवही उघडते, ग्राहक सौदीत आहे हे पाहते आणि तोच कॉल पुन्हा सौदीत पाठवते. पाच पावलांवरचा आवाज दोनदा अरबी समुद्र ओलांडून येतो. पहिल्याला सौदीतून भारतात केलेल्या आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे, दुसऱ्याला भारतातून सौदीत आणलेल्या कॉलचे. फोन उचलणाऱ्याला पैसे का पडतात, हा जो प्रश्न लोक चिडून विचारतात त्याचं उत्तर इथे आहे. धाराशिवहून जेव्हा कोणी त्या नंबरला फोन लावतं, तेव्हा ते साध्या देशी कॉलचे पैसे देतं. तो माणूस परदेशी आहे हे लावणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. मग परदेशापर्यंतचा प्रवासखर्च कोणी द्यायचा? ज्याने प्रवास केला त्याने. नियम म्हणून यात अन्याय नाही. दर मात्र वर्षानुवर्षं अवाच्या सवा होते, हेही खरं.

यातूनच एक जुनी युक्ती आजही चालते. परदेशात असलेल्या माणसाने फोन उचललाच नाही तर सहसा काही पडत नाही. घरून मिसकॉल द्यायचा आणि तिकडून वायफाय मिळालं की उलट फोन करायचा. पण ‘फोन लागला नाही तर दुसऱ्या नंबरवर वळवा’ अशी सोय चालू असेल तर डाव उलटतो. कॉल सौदीपर्यंत जातो, उचलला जात नाही आणि तिथून पुन्हा भारतातल्या दुसऱ्या नंबरवर वळतो. दोन्ही फेऱ्यांचा खर्च आपल्या माथी पडू शकतो. निघण्याआधी ##००२# डायल केलं की अशी सगळी वळणं एकदम रद्द होतात.

आता तथाकथित ट्रॅव्हल सिमकडे वळू, कारण यातली सगळ्यात गमतीची कारागिरी तिथे आहे. २००२ पर्यंत भारतातून परदेशी फोन म्हणजे विदेश संचार निगम, दुसरा दरवाजाच नव्हता. पुढे मक्तेदारी गेली, आयएसडी स्वस्त झालं, पण रोमिंग महागच राहिलं. या फटीत जगभर काही छोट्या कंपन्या शिरल्या. त्यांनी पाहिलं, की रोमिंगमध्ये बाहेर केलेल्या कॉलसाठी परदेशी कंपनी पाहुण्याच्या कंपनीकडून जबर दर लावते. आत आलेल्या कॉलसाठी मात्र तिला नेहमीचा जोडणी-आकार तेवढा मिळतो. मग सगळेच कॉल आत येणारे केले तर? अशा सिमवरून नंबर फिरवला की कॉल लगेच तुटल्यासारखा व्हायचा. काही क्षणांनी आपलाच फोन वाजायचा. उचलला की पलीकडे आपण फिरवलेल्या माणसाची घंटी ऐकू यायची. मधल्या वेळात त्या कंपनीच्या संगणकाने दोन स्वतंत्र कॉल लावलेले असत, एक आपल्याला आणि एक त्याला, आणि दोन्ही जोडून दिलेले असत. कागदोपत्री बाहेर कोणीच फोन केला नाही! माझ्या मते रोमिंगच्या इतिहासातला हा सगळ्यात हुशार खोडसाळपणा आहे.

या सिमचे नंबर अनेकदा एस्टोनियाचे असत, +३७२ ने सुरू होणारे. त्यामुळे मस्कतमध्ये काम करणाऱ्या भावाला धाराशिवहून फोन लावायचा तर एस्टोनियाच्या मोबाइलला लावल्याचा आयएसडी दर पडायचा. भावाला येणारा कॉल फुकट, वहिनीला रक्कम मोजावी लागायची. खर्च नाहीसा झाला नव्हता, घरातल्या घरात एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला होता. आजही ‘येणारे कॉल जगभर मोफत’ अशी जाहिरात दिसली की विचारावं, नंबर कुठल्या देशाचा आणि लावणाऱ्याला किती पडणार.

आज दुकानात किंवा ॲपवर ट्रॅव्हल सिम म्हणून जे मिळतं त्यात बहुतेकदा फक्त डेटा असतो, बोलायचा नंबर नसतोच. बोलणं व्हॉट्सॲपवर होतं, तेव्हा ते चालूनही जातं. ई-सिम आल्यापासून तर प्लास्टिकही गेलं. फोनमध्ये कायमची बसवलेली चिप असते, क्यूआर कोड दाखवला की परदेशी कंपनीचा ओळखक्रमांक आणि किल्ली तिच्यात उतरते. २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला तर सिम घालायची खाचच नाही. तिकडून भाऊ त्यातलाच वापरलेला आयफोन पाठवणार असेल, तर इथल्या दुकानातलं प्लास्टिकचं सिम त्यात बसणार नाही, हे आधीच लक्षात घ्यावं. तो फोन एका कंपनीला बांधलेला आहे का, हेही विचारावं. बांधलेल्या फोनमध्ये दुसऱ्याचं सिम चालत नाही.

तिसरा मार्ग सगळ्यात जुना आणि लांबच्या मुक्कामाला सगळ्यात स्वस्त: तिथे उतरून तिथलंच सिम घेणं. आपल्या जिल्ह्याला या मार्गाची सवय हजने लावली. २०२५ साली भारताचा हजचा कोटा १,७५,०२५ होता आणि हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचा मुक्काम साधारण चाळीस दिवसांचा असतो. धाराशिवचा मक्केशी एक जुना धागाही आहे. उस्मानाबाद हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते सातवे निजाम मीर उस्मान अली खान. आणि मक्केत निजामाची रुबात आहे, म्हणजे धर्मशाळा. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या, म्हणजे मराठवाड्यातल्याही यात्रेकरूंपैकी चिठ्ठीत नाव निघालेल्यांची तिथे मोफत सोय होते. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, रुबातीचा नियम तसाच राहिला.

सौदीत सिम घेताना बोटांचे ठसे द्यावे लागतात, २०१६ पासून. म्हणून धाकट्या मुलाने आधी जाऊन आईवडिलांसाठी सिम आणून ठेवणं जमत नाही. ज्याचं सिम त्याने पासपोर्ट घेऊन यंत्रासमोर उभं राहायचं. विमानतळावर हे काउंटर असतात. शेतात, बांधकामावर आयुष्य घालवलेल्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र ठसा घेत नाही, हा अनुभव रेशन दुकानात सगळ्यांनी घेतला आहे. अशा वेळी दुसरं बोट, ओलसर बोट, थोडा धीर. मागे रांग वाढली म्हणून सिम न घेता बाहेर पडू नये.

तिथलं सिम घेतलं की नंबर बदलतो आणि घरच्यांना +९६६ ने सुरू होणारा अनोळखी नंबर दिसतो. आजकाल अनोळखी परदेशी नंबर उचलायचा नाही असं आपणच आईला शिकवलेलं असतं. ते शिकवणं बरोबरही आहे. परदेशातून आलेला कॉल भारतीय नंबरचा आहे असं भासवून फसवणारे इतके वाढले, की २२ ऑक्टोबर २०२४ रोजी दूरसंचार विभागाने अशा बनावट कॉलना अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांत १ कोटी ३५ लाख कॉल बनावट म्हणून पकडले गेले. भारतीय नंबर दाखवून बाहेरून आलेल्या कॉलपैकी ते सुमारे ९० टक्के होते. उरलेले दहा टक्के म्हणजे खरोखर परदेशी गेलेली आपली माणसं. खरं-खोटं करायला इथेही मूळ नोंदवहीचाच आधार. +९१ चा कॉल बाहेरून आला, पण नोंदवही सांगते की हा ग्राहक आत्ता धाराशिवातच आहे, तर तो कॉल खोटा. म्हणून निघण्याआधी घरी सांगून ठेवावं: नवा नंबर मी व्हॉट्सॲपवर आवाजात बोलून कळवेन, मगच तो सेव्ह करा.

व्हॉट्सॲप मात्र जुन्या नंबरवरच ठेवावं. नवं सिम घातलं की ॲप ‘नंबर बदलायचा का’ असं विचारतं, तिथे नाही म्हणावं. भारतीय सिम कपाटात ठेवून जाण्याची सवयही आता सोडायला हवी. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲपसारख्या ॲपना निर्देश दिले, की ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं. दोन सिमचा फोन असेल तर एका जागी भारतीय, दुसऱ्या जागी तिथलं. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद, तिथल्या सिमचा डेटा चालू. अरब अमिरातीत एवढं करूनही व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, कारण तिथे इंटरनेटवरून बोलण्याची मुभा परवाना असलेल्या बोटिमसारख्या ॲपनाच आहे. दुबईला जाणाऱ्याच्या घरच्यांनी ते ॲप आधीच घेऊन ठेवावं.

भारतीय सिम जिवंत ठेवण्याचं खरं कारण बोलणं नाही, बँक आहे. पेन्शन काढायची, वीजबिल भरायचं, नातवाला पैसे पाठवायचे, सगळीकडे ओटीपी, आणि तो गावी राहिलेल्या नंबरवर येतो. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. पण रिचार्जची मुदत संपली की काही दिवसांत येणारे मेसेजही थांबतात. गुरुजी सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जातात, प्लॅन ८४ दिवसांचा असतो, आणि चौथ्या महिन्यात बँकेचं ॲप उघडायला जावं तर ओटीपी येत नाही. ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद करता येतो. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस तो राखला जातो. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो आणि मग आपल्या बँकेचे मेसेज तो वाचतो. मुलाने परदेशी नेल्यावर आईवडिलांच्या औषधांइतकंच त्यांच्या रिचार्जकडे लक्ष ठेवलं पाहिजे.

अमेरिकेबद्दल आणखी एक. २०२२ मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं. त्यामुळे काही जुन्या फोरजी फोनवर नेट चालतं, पण साधा कॉल लागत नाही. त्यासाठी फोनमध्ये व्होएलटीई, म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय, हवी. युरोपात चित्र वेगळं आहे. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात एका देशाचं सिम दुसऱ्या देशात त्याच दराने चालतं, म्हणून बर्लिनला घेतलेलं सिम पॅरिसलाही पुरतं. स्वित्झर्लंड संघात नाही, तिथे गाडी शिरली की पॅकची यादी तपासावी.

नेपाळचं दुखणं निराळं. पासपोर्ट लागत नाही, भारतीय रुपया पुष्कळ ठिकाणी चालतो, देव आपलेच. त्यामुळे बसमधल्या कोणाला आपण परदेशी आलो असं वाटतच नाही. फोनला मात्र वाटतं. सीमा ओलांडली की तो नेपाल टेलिकॉम किंवा एनसेल पकडतो आणि देशी प्लॅन तिथे निरुपयोगी ठरतो. चार दिवसांच्या यात्रेला बसमधल्या दोघांनी नेपाळी सिम घेतलं आणि बाकीच्यांनी त्यांचं हॉटस्पॉट वापरलं तरी भागतं.

आठवड्याच्या आतल्या फेरीला मी आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घ्या म्हणेन. महाग असतो, पण नंबर बदलत नाही आणि ठसे द्यावे लागत नाहीत. फक्त पॅकमधल्या देशांची यादी वाचावी आणि वाटेतल्या मुक्कामाचा देशही त्यात पाहावा. दोहाला विमान बदलताना तीन तास नेट चालू राहिलं आणि पॅक फक्त अमेरिकेचा असला, तर ते तीन तास पॅकबाहेरचे. काही विमानांतही हल्ली टॉवर असतो, उपग्रहाला जोडलेला. फ्लाइट मोड लावला नाही तर फोन त्याला जाऊन चिकटतो आणि त्याचे दर जमिनीवरच्या पॅकात सहसा धरलेले नसतात. पंधरवड्यापुढच्या मुक्कामाला तिथलं सिम, आणि दोन-तीन देशांच्या सहलीला ई-सिम. फोन नवा नसेल आणि वापरणारा सत्तरीचा असेल तर ई-सिमचा नाद करू नये. क्यूआर कोड दाखवायलाही सहसा दुसरा फोन लागतो.

आणि फोनमधले सगळे नंबर निघण्याआधी +९१ लावून सेव्ह करा. नुसते दहा आकडे परदेशात लागत नाहीत. धाराशिवचा लँडलाइन असेल तर ०२४७२ मधला पहिला शून्य गाळून +९१ २४७२, आणि पुढे नंबर. अधिकचं चिन्ह सापडत नसेल तर शून्याचं बटण दाबून धरा.